अमेरिकन सिनेमातलं कोण तुमच्या घरी राहायला आलं?

गेल्या आठवड्यात अलेक्झांडर पेनचा 'नेब्रास्का' (२०१३) चौथ्यांदा पाहिला. कृष्णधवल, संथ. जाहिरातीच्या पत्रावर विश्वास ठेवून म्हातारा वुडी ग्रँट दहा लाख डॉलर आणायला मोंटानातल्या बिलिंग्जहून नेब्रास्कातल्या लिंकनला चालत निघतो. शेवटी मुलगाच त्याला गाडीत घालून नेतो. बस, एवढंच. पण पैशांचं काय करणार विचारलं की म्हातारा सांगतो, नवा ट्रक आणि एक एअर कॉम्प्रेसर. माझे आजोबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांना पाच हॉर्सपॉवरची मोटर हवी होती. विहीर आटून दहा वर्षं झाली होती.

तुम्हाला असं कोण भेटलं? कथानक सांगू नका, ते कुठेही मिळतं. माणूस सांगा.

निवृत्तनाथ
पेनचाच 'अबाउट श्मिट' (२००२). ओमाहाच्या विमा कंपनीतला श्मिट नोकरीच्या शेवटच्या दिवशी रिकाम्या खोलीत बसून भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायची वाट बघतो. जॅक निकल्सनचा नेहमीचा भुवया उडवणारा अवतार इथे कुठेही नाही. नंतर एकदा तो ऑफिसात डोकावून येतो, तेव्हा त्याच्या फायलींची खोकी कचऱ्यापाशी पडलेली असतात.

मी ३४ वर्षं बँकेत काढली. निरोपाला शाल, श्रीफळ, चार भाषणं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला शाखेत गेलो, तर मी लाल-निळ्या शाईनं आखलेलं रजिस्टर खिडकी आपटू नये म्हणून फटीत कोंबलेलं. तिथे हसलो. घरी हिला सांगताना मात्र आवाज नीट येईना.

श्मिट टांझानियातल्या एंडुगू नावाच्या पोराला महिना २२ डॉलर पाठवतो आणि सोबतच्या पत्रांत त्या सहा वर्षांच्या मुलाला बायकोची गाऱ्हाणी लिहितो! शेवटी पोराचं चित्र येतं. काड्यांची दोन माणसं, हातात हात धरलेली. त्यापुढचं लिहीत नाही.

मुक्कामी गाडी
जिम जार्मुशचा 'पॅटरसन' (२०१६). न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात पॅटरसन नावाचाच बस ड्रायव्हर, आणि नटाचं आडनावही ड्रायव्हर. गाडी सुटायच्या आधी तो स्टिअरिंगवर वही टेकवून कविता लिहितो. पहिलीच कविता कशावर, तर काडेपेटीवर.

माझे वडील एसटीत चालक होते. मुक्कामी गाडी असली की उन्हाळ्यात टपावर झोपायचे आणि झोपायच्या आधी खिशातल्या डायरीत काहीतरी लिहायचे. ते गेल्यावर डायरी उघडली. कविता नव्हत्या. 'भाकरी सरपंचांकडून. चटणी जवसाची. पाऊस नाही.' पुढच्या पानावर दुसरं गाव, दुसरी चटणी, पाऊस नाही. असं जूनअखेरपर्यंत. मग एका पानावर नुसतं 'आला'.

सिनेमात कुत्रा वहीच्या चिंध्या करतो आणि पॅटरसन त्याला धड रागावतही नाही. मी दुसऱ्या दिवशी आधी डायरी स्कॅन करून घेतली.

पेंगुळलेला
'पॅटरसन' मीही लावला होता. सोमवारपासून सुरू होतो. मंगळवारपर्यंत जागा होतो.

मुक्कामी गाडी
शनिवारपासून लावा. कुत्रा तेव्हाच वही फाडतो.

बर्फातला कांदा
मिनियापोलिसहून लिहितेय. कोएन बंधू इथल्याच सेंट लुइस पार्क उपनगरातले, त्यामुळे त्यांचा 'फार्गो' (१९९६) आम्हाला घरचाच. फ्रान्सेस मॅकडॉरमंडची मार्ज, सातव्या महिन्यातली पोलीसप्रमुख. पहाटे खुनाचा फोन येतो. नवरा 'थांब, अंडी करतो' म्हणत उठतो. खाऊन ती बाहेर पडते आणि लगेच परत येते, गाडीची बॅटरी बसलीये! पुण्यात पाहिला तेव्हा हे लक्षातही आलं नव्हतं. आता दर जानेवारीत मी तशीच दारात उभी असते.

आणि शेवट. नवऱ्यानं काढलेलं बदक तीन सेंटच्या टपाल तिकिटावर लागतं, मोठ्या तिकिटावर दुसऱ्याचं. तो हिरमुसतो. ती समजावते, टपालदर वाढले की लोकांना छोटी तिकिटंच लागतात. सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत सासूबाईंना तिसरा नंबर मिळाला, तेव्हा सासरे हेच करत होते. 'अगं, पहिल्या दोघींनी छापे वापरले.' सरळसरळ थाप होती.

पेंगुळलेला
शनिवारपासून लावला. धबधब्यापाशी तो जपानी माणूस कोरी वही देतो, तिथे उठून बसलो. आता परत सोमवारपासून.

बांधावरचा
'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९). डेव्हिड लिंच म्हटल्यावर दचकू नका, यात त्याच्या 'ब्लू व्हेल्वेट'सारखे कापलेले कान वगैरे नाहीत. ॲल्विन स्ट्रेट हा खरा माणूस. १९९४ साली सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवातून विस्कॉन्सिनला भावाकडे गेला, सुमारे २४० मैल. सिनेमात भावांचा दहा वर्षं अबोला आहे आणि भावाला झटका आल्याचं कळतं. भेट झाल्यावर दोघं जेमतेम दोन वाक्यं बोलतात. भाऊ त्या यंत्राकडे बघत राहतो. हे असं दाखवायला छातीच लागते. आपल्याकडे तिथे गळामिठी, सनई, सगळं झालं असतं.

आमचे बाबा आणि काका बांधावरून १४ वर्षं बोलत नाहीत. बाबांना मुद्दाम सिनेमा दाखवला, शेजारी बसून मराठीत सांगत. मध्ये एकदाही उठले नाहीत. संपल्यावर विचारलं,

"त्याला डिझेल किती लागलं असेल रे?"

"पेट्रोलवर असतं ते."

"हं. आपला ट्रॅक्टर डिझेलवर आहे."

काकांचं घर दीड किलोमीटरवर. अजून गेलेले नाहीत.