गेम चालू केला की पीसी रीस्टार्ट होतो, कधी नुसताच हँग होतो (2014 चा असेंबल्ड)

खटपट्या_इचल

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

2014 च्या दिवाळीत, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, कोल्हापुरातनं पार्ट आणून हा पीसी मी स्वतः जोडला. आय5-4690के प्रोसेसर, झेड97 चा मदरबोर्ड, 8 जीबी डीडीआर3 रॅम. 2017 ला जीटीएक्स 1060 ग्राफिक्स कार्ड, 6 जीबीवालं, टाकलं. मागच्या वर्षी ओळखीच्या एकाकडनं रॅमची 8 जीबीची सेकंडहँड पट्टी घेतली. एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) मात्र पहिल्या दिवसापासून तोच, 500 वॉटचा. बाकी सगळं घेऊन झाल्यावर खिशात जे उरलं त्यात बसला तो. नाव सांगत नाही, सांगून कुणाला कळणारही नाही.

आता मी खेळत नाही, पुतण्या खेळतो. तो गाडी पळवायला लागला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी, आतनं ‘टक्’, आणि पीसी आपला आपणच पुन्हा चालू. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. यूट्यूब, वहिनींचं शिकवणीचं काम दिवसभर बिनबोभाट चालतं. अधूनमधून दुसरी तऱ्हा: चित्र आहे तिथं थांबतं, स्पीकरमधनं ‘र्र्र्र’ असा एकच सूर, बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नाही. आणि हे सगळं संध्याकाळीच जास्त. इथं गल्लीत सगळीकडे यंत्रमाग आहेत, त्यामुळे व्होल्टेजचा खेळ असेल असं मी सहा महिने धरून बसलोय.

केलं काय काय: विंडोज नव्यानं टाकलं. ड्रायव्हर बदलले. मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) रात्रभर लावला, चार पास, एरर शून्य. मग प्रोसेसरचा पंखा काढला. आमच्या घराखालीच माग आहेत, हवेत सुताचं तूस असतंच. पण हीटसिंकच्या (पंख्याखालचा, प्रोसेसर गार ठेवणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर त्याची चक्क वाकळ झाली होती. चिमटीत धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, पात्यांच्या रेघा तिच्यावर उमटलेल्या. आईला दाखवली तर म्हणाली, उशीत भर. पेस्ट नवी लावली, गेममधलं तापमान 94 वरनं 71 वर आलं. वाटलं, जिंकलं. दुसऱ्या दिवशी परत ‘टक्’.

माझा संशय सेकंडहँड पट्टीवर. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, नवा पीसीच घ्या. काय करू?

निवांत_नाशिककर

दोन्ही पट्ट्या काढा, सोनेरी पिना खोडरबरानं हलक्या हातानं घासा, कोरड्या कापडानं पुसा, खाड्कन आवाज येईपर्यंत बसवा. खर्च शून्य. माझे दोन पीसी यावर उठलेत.

बिटबाईट

दुकानदार चुकीचं बोलत नाहीये. विंडोज 10 चा सपोर्ट (सुरक्षेचे नेहमीचे अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि तुमच्यासारख्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. त्यात तुमचा प्रोसेसर बसतो ते 1150 सॉकेटचे बोर्ड आता जुन्या बाजारातच. किती दिवस मलमपट्टी करणार?

सोल्डरताई

नवीन घेणं न घेणं हा घरातला प्रश्न आहे, आधी आजार तर कळू दे.

खटपट्या, तुम्ही दोन तक्रारी एका पिशवीत घातल्यात. ‘टक् होऊन रीस्टार्ट’ वेगळं आणि ‘चित्र थांबून र्र्र्र’ वेगळं. एकच कारण असेलच असं धरू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) ‘कर्नल-पॉवर 41’ दिसेल. त्याला घाबरू नका, तो फक्त एवढंच सांगतो की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. तो उघडून तपशिलात ‘बगचेककोड’ (विंडोज कोलमडल्याचं कारण सांगणारा आकडा) बघा. तिथे 0 असेल तर विंडोजला मरायच्या आधी दोन ओळी लिहायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे बहुतेक पायाखालची वीजच गेली. रॅम किंवा ड्रायव्हरच्या भानगडीत बऱ्याचदा काहीतरी कोड उरतो.

रीस्टार्ट होताना मॉनिटरचा दिवा जातो का? दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर असतील तर यावरून पुष्कळ कळेल.

मल्टिमीटर आहे का? एसएमपीएसची एखादी चार पिनांची मोकळी वायर असेल, हार्ड डिस्कला लावायची जुन्या पद्धतीची. तिच्यात काळ्या आणि पिवळ्या तारेत डीसी मोजा, आधी नुसता डेस्कटॉप असताना, मग गेम चालू असताना. 12 व्होल्टला पाच टक्के सूट असते, म्हणजे 11.4 च्या खाली जाता कामा नये. प्रोब एकमेकांना टेकवू नका. एसएमपीएसचं झाकण मात्र काहीही झालं तरी उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी असतं, प्लग काढल्यावरही काही काळ राहतं.

आणि एक खवचट प्रश्न. संध्याकाळीच होतं म्हणता, पण पुतण्या शाळेतून येतो कधी?

खटपट्या_इचल

ताई, शेवटच्या प्रश्नावर घरात सगळे हसले. पाच वाजता येतो. रविवारी दुपारी दोनला बसवला त्याला. वीस मिनिटांत ‘टक्’. सहा महिने मी गल्लीतल्या मागांना शिव्या घालत होतो.

बगचेककोड: सगळीकडे 0. मॉनिटरचा दिवा जात नाही, ‘नो सिग्नल’ म्हणतो. नाशिककर, खोडरबरही मारलं, पिना चकाचक, फरक नाही.

मोजमापाची कथा: मी टेबलाखाली आडवा, दोन्ही हातात प्रोब, मीटर छातीवर. पुतण्या वर गाडी ठोकतोय. डेस्कटॉपवर 11.87. गेम चालू झाल्यावर 11.5, मग 11.46. शहराच्या गर्दीत शिरला तसं 11.4, 11.35, आणि 11.28 दिसला त्या क्षणी ‘टक्’. पुतण्या वरनं म्हणतो, ‘काका, तुम्ही काय केलंत?’

अजून एक, विषय वेगळा असेल. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. पहिल्यापासनंच आहे.

सोल्डरताई

सापडला. मीटर सावकाश वाचतो, त्यामुळे खरी बुडी 11.28 पेक्षा खोल असणार. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानं सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, असा ठोकताळा आहे. तुमचा हीटसिंक जर वाकळीखाली होता तर एसएमपीएसच्या आत काय असेल याची कल्पना करा. 1060 ला पूर्ण भारावर 120 वॉट लागतात, त्यात प्रोसेसर. पाटीवरच्या 500 ला आता अर्थ नाही. चांगला 550 चा घ्या. उद्या नवा पीसी केलात तरी तो कामाला येईल, म्हणून यात कंजुषी नको.

झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून बॉडीवर थोडी गळती असते, ती अर्थमधून जायला हवी. वाट नसेल तर तुमच्या बोटातून जाते. रीस्टार्टशी संबंध नसेल, पण घरात लहान मूल आहे. वायरमनला आधी बोलवा, दुकानात नंतर जा.

दुसरी तक्रार विसरू नका. तुमच्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ आहे, म्हणजे त्याचा वेग वाढवता येतो. कधी ओव्हरक्लॉक केला होतात का, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवला होतात का?

खटपट्या_इचल

छे, ओव्हरक्लॉक वगैरे नाही. वायरमन उद्या येतोय.

खटपट्या_इचल (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, माफी असावी. आधी वायरमनचं: भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला तर हिरवी तार आत दुमडून चिकटपट्टी मारून ठेवलेली. कुणी, कधी, देव जाणे. वडील म्हणतात त्यांनी नाही. आता स्क्रूला हात लावला तर काही नाही. चुकल्यासारखं होतं.

नवा एसएमपीएस साडेचार हजाराला पडला. मोकळा असताना 12.08, गेममध्ये 12.02. आकडा हलायचं नावच घेईना, मी उगाच पाच मिनिटं बघत बसलो. ‘टक्’ बंद. पहिला दिवस, दुसरा दिवस, काही नाही. पुतण्यानं पेढे मागितले.

चौथ्या दिवशी ‘र्र्र्र’.

खरं सांगतो, त्या रात्री सेकंडहँड पट्टी काढून फेकणारच होतो. पण ताईंची पिशवी आठवली. इव्हेंट व्ह्यूअर परत उघडला, या वेळी 41 सोडून बाकीचं वाचलं. ‘व्हीया-लॉगर 19’ (हार्डवेअरच्या चुकांची नोंद), पिवळ्या त्रिकोणाच्या ओळीच्या ओळी, प्रोसेसर कोअर, इंटर्नल पॅरिटी एरर, म्हणजे चूक प्रोसेसरच्याच आतली. मेमरीचं कुठं नावही नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) गेलो. मल्टिप्लायर 44, म्हणजे वेग 4.4 गिगाहर्ट्झ. व्होल्टेज हातानं भरलेलं, 1.18.

ताई, वरचं ‘छे’ मी मागे घेतो. 2016 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मीच केलं होतं. रूममेटचा 4.3 वर चालायचा म्हणून मी 4.4. तेव्हा दोन तास टेस्ट लावून पास झाला, हॉस्टेलभर सांगत फिरलो आणि विसरलो. पंखा गच्च भरलेला असताना ती चिप कित्येक वर्षं नव्वदीच्या वर त्याच सेटिंगवर पळत होती.

मल्टिप्लायर आणि व्होल्टेज दोन्ही ऑटोवर टाकलं. सगळं डिफॉल्ट मुद्दाम नाही केलं, नाहीतर डिस्कचा मोड बदलून विंडोजच उठत नाही असं एकदा झालंय. आता 3.5, जोर लागला की 3.9. आज बारा दिवस झाले, पिवळा त्रिकोण नाही, हँग नाही. गेममध्ये फरक शोधूनही सापडला नाही. पट्टी निर्दोष, दोन्ही बसवलेल्या आहेत.

बिटबाईट, विंडोजचं तुमचं बरोबर आहे. वहिनींचं बँकेचं काम या पीसीवरनं बंद केलंय, ते त्यांच्या लॅपटॉपवर. हा फक्त खेळायला.

निवांत_नाशिककर

खोडरबरानं नुकसान तर झालं नाही ना? मग झालं तर.

सोल्डरताई

1.18 वर 4.4 नऊ वर्षं तगला, चिप नशिबानं चांगली मिळाली होती तुम्हाला.

जुना एसएमपीएस कुणाला ‘चालू आहे’ म्हणून देऊ नका. डेस्कटॉपवर तो चालतोच, म्हणून घेणारा फसतो. स्केचपेननं वर मोठ्या अक्षरात ‘खराब’ लिहा आणि मग भंगारात द्या.

खटपट्या_इचल

लिहिलं. तारीख पण टाकली.