सीटीओ (तंत्रज्ञान प्रमुख) गेले, मागोमाग पहिल्या पाचांतले दोघे निघाले. आधी काय धरायचं?

चिंचोली_लूम
टॉवेलच्या मागांवरचं उत्पादन मोजणारे सेन्सर आणि ॲप बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड. वय पावणेचार वर्षं, माणसं १९, गिऱ्हाईक सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोली एमआयडीसीत. सीटीओ संचालकही होते, ते गेले. आता फर्मवेअर (सेन्सरच्या आतला प्रोग्रॅम) बघणारा आणि सपोर्टची प्रमुख यांचे राजीनामे आलेत, नोटीस ३० दिवसांची. दोघांकडे ईसॉप आहेत, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घेण्याचा हक्क. गुंतवणूकदार म्हणतात, पुण्याहून लगेच नवा सीटीओ आणा. शिवाय या दोघांकडून ‘सहा महिने स्पर्धकाकडे जाणार नाही’ असं लिहून घेता येईल का?

ओटीपी_कुणाचा
मालक, सीटीओ नंतर शोधा. आधी बघा, कंपनीचे ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतात. क्लाउडचं रूट खातं, डोमेन, प्ले स्टोअरचं डेव्हलपर खातं, एसएमएसची डीएलटी नोंदणी (कंपनीच्या नावानं मेसेज पाठवायला लागते ती), व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर, जीएसटी पोर्टल. सुरुवातीला घाईत हे सगळं पहिल्या माणसाच्या खाजगी नंबरवर उघडलेलं असतं. तो माणूस टेबलाशेजारी बसलेला असतानाच बदलून घ्या. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, रिकव्हरी नंबर आणि दुसऱ्या पायरीचं ॲपही बदलायचं.

ॲपची साइनिंग की, म्हणजे अपडेट आपलंच आहे हे पटवणारी डिजिटल किल्ली, वेगळी तपासा. गूगलकडे ॲप साइनिंग सोपवलेलं असेल तर हरवलेली अपलोड की बदलून मिळते. नसेल आणि ती फाइल त्याच्याच लॅपटॉपवर राहिली, तर त्याच नावाच्या ॲपला पुढे अपडेट देता येत नाही. मग प्रत्येक कारखान्यात जाऊन नवं ॲप टाकत बसा.

सीटीओंची डिजिटल सही ड्रॉवरमध्ये असेल तर परत करा, वापरू नका. राजीनाम्याचा डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचा कंपनी निबंधकाकडचा फॉर्म) तीस दिवसांत भरायचा. संचालक दोनपेक्षा कमी उरत नाहीत ना, तेही बघा.

हिशोबनीस
लिहून घ्याल, पण टिकणार नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७. नोकरी सुटल्यानंतर स्पर्धकाकडे जाण्यावरची बंदी रद्दबातल ठरते. गोपनीयतेचा करार चालतो, तोही नेमका हवा: सर्किटचे आराखडे, गिऱ्हाईकांचे दर, मागनिहाय आकडे.

ईसॉपकडे नीट बघा, कडवटपणा तिथूनच येतो. समजा ४,८०० ऑप्शन, ४ वर्षांचं वेस्टिंग (हळूहळू हक्क मिळत जाणं), पहिल्या वर्षानंतर दरमहा. ३३ महिने झाले म्हणजे ३,३०० हक्काचे. एक्सरसाइज किंमत, म्हणजे शेअर घेताना भरायची, १० रुपये, एका शेअरचं मूल्यांकन ४१०. फरक ४०० गुणिले ३,३००, म्हणजे १३,२०,००० रुपये पगारासारखं उत्पन्न धरलं जातं. ३० टक्क्यांच्या टप्प्यात ३,९६,००० कर, त्या करावर ४ टक्के उपकर, शिवाय शेअरचे ३३,०००. एवढे पैसे अशा कागदासाठी, जो आज कुणी विकत घेत नाही. योजनेत नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला ९० दिवसांची मुदत असेल तर माणूस ऑप्शन सरळ सोडून देतो, आणि उरलेले सतरा जण ते बघतात. सभासदांचा ठराव करून मुदत काही वर्षांवर न्या. कंपनीला आत्ता रोख द्यावी लागत नाही.

पगाराचा हिशोब लोंबकळत ठेवू नका. वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत थकीत वेतन द्यायचं. पीएफच्या पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख टाका, ती राहिली की पुढचं सगळं अडतं.

जुना_पाटा
गुंतवणूकदारांच्या घाईशी मी सहमत नाही. वर नवा माणूस आणि खाली जुने निघालेले, म्हणजे त्याला शिकवणार कोण? नव्वद दिवस आतल्याच एकाकडे तात्पुरता कारभार द्या, पण लेखी: किती खर्च त्याच्या सहीनं, भरती कुणाची, गिऱ्हाइकाला तारीख कोण देणार. नुसता ‘तू बघ जरा’ असा कारभार महिन्यात कोसळतो.

पुण्याच्या दरानं माणूस आणण्याआधी इथल्या जुन्यांचे पगार बघा. नव्याचा आकडा कँटीनमध्ये दोन दिवसांत फुटतो. तिसरा राजीनामा तिथून येतो.

नोटिशीचे ३० दिवस कागदपत्रं लिहिण्यात घालवू नका, जाणारा माणूस त्याला जे सोपं वाटतं तेवढंच लिहितो. उलटं करा. पहिल्या आठवड्यापासून काम नव्यानं करायचं, जुन्यानं बाजूला बसून चुका धरायच्या. एका मागावर कोऱ्या बोर्डापासून बसवणी, मग शेवटच्या दहा तक्रारी पुन्हा सोडवून बघणे. जानेवारी असेल तर गड्ड्याच्या जत्रेचे दिवस वजा धरा.

चिंचोली_लूम
ओटीपीची यादी काढली, सात खाती एकाच नंबरवर निघाली. एक शंका: फर्मवेअरमध्ये काही मागांचा आकडा ३ नं गुणलाय, काहींचा नाही. नवा मुलगा चूक समजून काढायला निघालाय.

जुना_पाटा
थांबवा त्याला! पीक म्हणजे आडवा धागा एकदा टाकणं. तीन पिकांच्या टेरीत (टॉवेलच्या फासेदार विणीत) फणी दोन पिकांना अर्धवट येते, तिसऱ्याला पूर्ण ठोकते. सेन्सर पूर्ण ठोक्यावर लावला असेल तर तीन पिकांना एकच पल्स मिळतो, म्हणून गुणिले ३. मुख्य शाफ्टवर लावला असेल तर प्रत्येक पिकाला पल्स, तिथे गुणायचं नाही. कुठल्या मागावर सेन्सर कुठे आहे याची यादी त्या फर्मवेअरवाल्याकडून उद्याच घ्या, आणि प्रत्येक मागासमोर उभं राहून.