लाइट गेली आणि सर्व्हर काळ्या पडद्यावर अडकला, फॉरमॅट मारू का?

काजूगर_वेंगुर्ला:
नमस्कार मंडळी. आमचा काजूचा छोटा कारखाना. बियांची खरेदी, मजुरी, उधारी सगळं एका जुन्या उबुंटू सर्व्हरवर, मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. काल संध्याकाळी वळीव आला, गडगडाट झाला नि लाइट गेली. इन्व्हर्टर असूनही मशीन बंद पडलंच. आता चालू केलं की ‘इनिट्रॅमएफएस’ लिहून थांबतं. वर ओळ येते: सुपरब्लॉकची शेवटची माउंट-वेळ भविष्यातली आहे, एफएससीके हाताने चालवा. बॅकअप मार्चअखेरचा. हंगाम चालू, बागायतदार पैशांसाठी दारात. कॉम्प्युटरवाला म्हणतो फॉरमॅट मारूया.

बंदर_रोड:
एफएससीके म्हणजे डिस्कवरची फाइल-व्यवस्था तपासून दुरुस्त करणारी कमांड. ती -वाय लावून मारा, दहा मिनिटांचं काम.

सडेकर:
-वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून ‘हो’. मरणाऱ्या डिस्कवर ते केलंत तर उरलंसुरलंही जाईल. आणि फॉरमॅटवाल्याला आधी चहा पाजून घरी पाठवा.

काजूगरभाऊ, ती ‘भविष्यातली वेळ’, म्हणजे डिस्क शेवटची जोडल्याची नोंद, मला महत्त्वाची वाटते. बहुतेक मशीनचं घड्याळच मागे गेलंय. मदरबोर्डवरचा सेल संपला की करंट पूर्ण गेल्यावर तारीख विसरते, मग कालची नोंदही उद्याची वाटते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख बघा, चुकली असेल तर दुरुस्त करा. पण लगेच नेहमीसारखं सुरू करू नका.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू, म्हणजे डिस्कवर न बसवता चालणारं, चालवा. स्मार्टसीटीएल कमांडने डिस्कची तब्येत बघा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) शून्य नसतील तर डीडीरेस्क्यूने नव्या डिस्कवर पूर्ण नक्कल काढा आणि पुढचं सगळं नकलेवर. डिस्क ठणठणीत असेल तरच त्या पार्टिशनवर एफएससीके. पार्टिशन माउंट केलेलं, म्हणजे वापरासाठी जोडलेलं, नको. पहिल्यांदा -एन लावून, म्हणजे काही न बदलता नुसतं काय बिघडलंय ते कळेल.

मायएसक्यूएलची फार धास्ती नको. टेबलं इन्नोडीबी प्रकारची असतील तर ते सुरू होताना रीडू लॉग (बदलांची नोंदवही) वाचून स्वतःच सावरतं. नाहीच उठलं तर फोर्स रिकव्हरी, म्हणजे जबरदस्तीने सुरू करायची सेटिंग, पातळी 1 पासून चढवा. 4 आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, तिथे जाण्याआधी इथे विचारा.

मिऱ्या_किनारा:
इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडवर बदलायला वेळ लागतो. पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं.

काजूगर_वेंगुर्ला:
सडेकर, तारीख 2010 दाखवत होता! डिस्क चांगली निघाली. एफएससीकेने थोडं काहीबाही लॉस्ट+फाउंडमध्ये (सुटे तुकडे ठेवायच्या फोल्डरमध्ये) टाकलं, पण मायएसक्यूएल आपणहून उठलं. कालच्या पावत्या पावतीबुकाशी ताडतोय, आतापर्यंत जुळल्या. सेल घड्याळवाल्याकडे मिळेल ना?

सडेकर:
मिळेल. सीआर2032 मागा, 3 व्होल्टचा. पण बाजारात जायच्या आधी डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) काढून दुसऱ्या डिस्कवर टाका.