मदत हवी आहे : 1962 आधीच्या मराठी मजकुरातले अनुस्वार कसे हाताळावेत?

1876-78 च्या दख्खनच्या दुष्काळावरच्या मराठी वृत्तपत्रांतल्या मजकुराचं टॉपिक मॉडेलिंग (एकत्र येणाऱ्या शब्दांवरून संगणकाने विषय शोधणं) करायचं आहे. स्कॅन 300 डीपीआयचे, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) टेसरॅक्ट या प्रणालीच्या मराठी मॉडेलने. स्तंभ आधीच वेगळे कापले आहेत, नाहीतर शेजारच्या ओळी एकमेकींत घुसतात.

मॉडेलसाठी वापरलेल्या सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीची मूळची शब्दतोडणी बदलली आहे. ती मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानत नाही आणि एकटं उरलेलं अक्षर गाळते, त्यामुळे 'शेतकरी'चा फक्त 'तकर' उरतो! देवनागरीवर काम करणाऱ्यांनी हे आधी तपासाच. मोकळ्या जागेवर तोडून विरामचिन्हं काढली की भागतं.

अडलंय ते 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या जुन्या लेखनात. 'कांहीं', 'नांव', 'घरीं' हे आजच्या रूपांपासून वेगळे मोजले जातात. सरसकट अनुस्वार काढले तर 'संत'चा 'सत' होतो. शब्दाच्या शेवटचे काढणं बऱ्यापैकी सुरक्षित, पण मधल्यांचं काय? 'घरांत' तेव्हा एका घरातही असे, आज अनेकवचनच.

जुन्या-नव्या रूपांची जोडयादी कुणी केली आहे का? आणि 'दुष्काळामुळें', 'दुष्काळांत' यांचे प्रत्यय मॉडेलआधी तोडावेत, की नंतर गट करावेत? प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.