मदत हवी आहे : टेफ कॅनडाच्या तोंडी परीक्षेसाठी ठाणे-वाशीत सराव

टेफ कॅनडा म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशनसाठीची फ्रेंच परीक्षा; त्यात एनसीएलसी ७ (कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवरची सातवी पातळी) हवंय. ऐकणं (४० प्रश्न, ४० मिनिटं, ऑडिओ एकदाच) घरी घोटता येतं, अडतं बोलण्यात. पहिली ५ मिनिटं जाहिरात वाचून परीक्षकाला फोनवर चौकशी करायची, 'वू' म्हणत, म्हणजे आपलं अहो-जाहो. पुढची १० मिनिटं मित्र बनलेल्या परीक्षकाला पटवायचं, तिथे 'तू'. घाईत दोन्हींची सरमिसळ होते, आणि प्रत्येक प्रश्न 'एस्क'नेच (आपल्या 'का?'सारखा फ्रेंच प्रश्नशब्द) सुरू होतो.

ठाणे स्टेशन किंवा वाशीजवळ संध्याकाळी फक्त तोंडी सराव घेणारं कुणी आहे का? डेल्फचे (फ्रेंचची दुसरी परीक्षा) क्लास नकोत; कॅनडाच्या केंद्रीय इमिग्रेशनला ते प्रमाणपत्र चालत नाही. 'वी, वी' (हो, हो) करणारा नको, हरकती काढणारा हवा. घड्याळ लावून. ऑनलाइनही चालेल.