बी विंग ग्रुप: स्वतःच्या गाडीने नेपाळ

निखिल ५०२: दिवाळीत गोरखपूर, सोनौली, पोखरा. ओळखपत्र म्हणून आधार चालतं ना?

कुलकर्णी काका: नाही रे. १५ ते ६५ वयाला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, तेही मूळ. आधार फक्त त्याहून लहान-मोठ्यांना. गाडी कोणाच्या नावावर?

निखिल ५०२: बाबांच्या. ते येत नाहीयेत.

स्मिता वहिनी: मग त्यांच्या सहीचं संमतीपत्र आणि मूळ आरसी घे. सीमा ओलांडली की बेलहियाला भन्सार कार्यालय, म्हणजे नेपाळचं कस्टम्स. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे तिथे भरायचे. शिरल्याचा दिवस पूर्ण धरतात, म्हणून संध्याकाळी पोचलात तर मुक्काम अलीकडेच करा. आणि एक दिवस जास्तीचा घेच! दरड पडून अडकलात आणि तारीख उलटली की दंड. पावती परतताना दाखवावी लागते, डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नकोस, शाई उडते.

शिंदे ३०१: विम्याचं कोणी बोललं नाही. आपली पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळसाठी जिऑग्राफिकल एक्स्टेंशनची, म्हणजे विम्याची हद्द वाढवल्याची, नोंद निघण्याआधी करून घे, नाहीतर तिकडे ठोकली तर क्लेम विसर.

निखिल ५०२: बरं. बुटवलहून पाल्पामार्गे जवळ पडतं ना?

कुलकर्णी काका: नकाशावर. बुटवल सोडताच सिद्धबाबाचा कडा लागतो, वरून दगड येतात. कोरडं असेल तर दिवसा जा. दुसरा रस्ता नारायणगढ, मुग्लिन. तो लांब, आणि मुग्लिनपर्यंत तोही त्रिशूलीच्या कडेकडेने. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दरडीने दोन बस नदीत लोटल्या त्या याच रस्त्यावर, पहाटेच्या अंधारात. तेव्हा कुठूनही गेलास तरी रात्री गाडी चालवायची नाही. बुटवलला अंधार पडला तर तिथेच खोली घे.

स्मिता वहिनी: पैसे शंभरच्या नोटांत ने, मोठ्या नोटा घ्यायला दुकानदार कटकट करतात. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर ठरलेला आहे. भाव ऐकलास की आधी विचार, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे आपले, एनसी त्यांचे. घड्याळ १५ मिनिटं पुढे.

शिंदे ३०१: चालवणाऱ्याने बिअरसुद्धा नको, पोलीस तोंडाचा वास घेऊनही अडवतात. आणि स्टेपनीत हवा आहे का ते आजच बघ, जॅकसकट.