जरबेरा माना टाकतो, निशिगंध टिकतो. असं का?

शहापूर, बेळगाव:
गणपत गल्लीतून आणलेला जरबेरा आणि निशिगंध एकाच उंच काचेच्या फुलदाणीत ठेवतो. बोअरचं पाणी, काठोकाठ. दुसऱ्याच दिवशी जरबेरा माना टाकतो, देठ खालून बुळबुळीत लागतो. पाण्यात साखर घालावी का?

टिळकवाडी:
साखर राहू द्या, आधी पाणी कमी करा. जरबेराच्या देठावर लव असते, बुडालेला भाग लवकर कुजतो. 5-6 सेंमी पाणी पुरे, फक्त ते रोज बदला. बुळबुळीत थर म्हणजे जीवाणू. देठातल्या बारीक नळ्या ते तुंबवतात, पाणी वर चढत नाही आणि फुलाखाली चार-सहा बोटांवर देठ वाकतो. दुसरं कारण बुडाशी असतं. जरबेरा कापत नाहीत, झाडावरून ओढून काढतात, त्यामुळे खाली टणक टाच राहते. तिच्यातून पाणी नीट चढत नाही, म्हणून 2-3 सेंमी तिरका छाटा. फुलदाणी नुसती विसळू नका, साबण लावून ब्रशनं आतून घासा.

खानापूर:
निशिगंध वेगळ्या भांड्यात ठेवा, त्याचं तंत्रच उलटं. खालची फुलं आधी उमलतात, वरच्या कळ्यांना उमलायला अन्न लागतं. तिथे साखर हवीच: 1 लिटर पाण्याला चहाचे 2 चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस. नुसती साखर घातली तर जीवाणूंचीच चंगळ. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, लिंबानं थोडं सुधारतं. नळाला राकसकोप धरणाचं पाणी येत असेल तर तेच घ्या. पाण्यात बुडणारी पानं काढा, सुकलेलं फूल लगेच खुडा.

शहापूर, बेळगाव:
माना टाकलेला जरबेरा परत उभा राहील का? आणि विळीवर देठ कापले तर चालतील?

टिळकवाडी:
देठ मऊ पडला नसेल तर राहतो. पुन्हा छाटून फुलं वर्तमानपत्रात सरळ, घट्ट गुंडाळा आणि खोल गार पाण्यात सावलीत दोन तास उभी ठेवा. मग परत कमी पाण्यात. कागद सैल असेल तर देठ वाकडाच ताठरतो. विळी धारदार असेल तर उत्तम, बोथट कात्रीनं देठ चिरडतो.

खानापूर:
कार्नेशन आणलंत तर आंब्याच्या अढीपासून, पिकल्या केळ्यांपासून लांब ठेवा. पिकताना फळातून इथिलीन वायू निघतो, त्यानं कार्नेशन एका रात्रीत मिटतं.